खाली कोण राहायचं

आठ प्रवासी, नववा मी, दहावा कॅलम:
तोच ड्रायव्हर, तोच गाईड,
एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात इतिहास.
माहितीपत्रकात मीच लिहिलं होतं,
छोटा ग्रुप, निवांत स्कॉटलंड,
पहाटे उठवणार नाही, पोहे मिळतील.

पोहे मिळाले. पाऊसही मिळाला,
आडवा, बारीक, छत्रीला न जुमानणारा.
डॉक्टर बेहेरे म्हणाले, लोणावळाच की हा,
आणि टिल्लूंनी तिथल्या तिथे हिशेब मांडला
लोणावळा कितीत झाला असता याचा.

सरोवरापाशी सगळे राक्षस शोधत होते.
कॅलमनं ठरलेला विनोद केला, मी ठरलेलं हसलो.
वसुमती धुमाळ तेवढ्या कठड्याला टेकून,
नऊवारीवर कार्डिगन, पायात पांढरे कॅनव्हास,
म्हणाल्या, त्याला विचारा,
खाली कोण राहायचं?

मी भाषांतर केलं. कॅलम म्हणाला, मासे.
त्या म्हणाल्या, नाही हो. आधी.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी थांबवली
कार्यक्रमात नसलेल्या एका वळणावर.
नेच्यांत बुडालेल्या गुडघाभर भिंती.
इथं माणसं होती, तो म्हणाला,
मग मालकाला मेंढ्या जास्त परवडल्या.
एवढंच बोलून तो टायर बघायला गेला.
बाकीच्यांनी फोटो काढले. हिरवं फार छान आलं.
धुमाळबाईंनी गावाचं नाव विचारलं.
पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा
तळहाताएवढ्या वहीत लिहून घेतलं,
घशातून येणारं ते अक्षर कुठं बसेना
म्हणून ख काढून खाली टिंब दिलं.

महिन्यानं कर्वेनगरात, सोसायटीच्या हॉलमध्ये
आमचा स्नेहमेळावा. प्रोजेक्टर, साबुदाणावडे.
फडतरे पतिपत्नींचे चारशे सतरा फोटो:
किल्ला, किल्ल्यापुढे फडतरे,
फडतऱ्यांमुळे न दिसणारा किल्ला.
धुमाळबाईंनी आणली होती ती वही.
वर ते एक टिंबवालं नाव,
खाली मोसे खोऱ्यातली नावं, पानभर,
गावं, वाड्या, एक पाणवठा,
एका आंब्याचंसुद्धा, काळू.
मी माहेरची पासलकर, म्हणाल्या.
वरसगावच्या धरणात आहे आमचं.
टिल्लूंचा पेला ओठांपाशीच थांबला.
प्या हो, प्या, त्या म्हणाल्या,
चांगलं आहे पाणी.

मेच्या तिसऱ्या रविवारी तीच माणसं,
भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर, पानशेतचा रस्ता.
पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्या, त्या.
मी शेवटच्या रांगेत, टिल्लूंशेजारी.
बारा वर्षं या धंद्यात आहे,
मागं काहीच ऐकू येत नाही हे तेव्हा कळलं.

पाणी उतरलं होतं. गाळाला भेगा.
पलीकडच्या काठावर परदेशी वळणाच्या इमारती,
केशरी, पिवळ्या, खिडक्या बंद.
त्या कॅनव्हास घालूनच गाळात उतरल्या.
हे सुताराचं जोतं. हा मारुती,
म्हणजे पार फक्त, मूर्ती वर नेली.
इथून ओढा. जपून, इथं अजून ओल असते.
मग बराच वेळ काही नाही.
मग, आमचं इथं असेल.
नाहीतर तिथं. आणि हात पाण्याकडे.
अजून दहाएक फूट उतरायला हवं होतं.

डॉक्टरांनी कॅमेरा काढला, परत ठेवला.
फडतऱ्यांनी मात्र काढला एक फोटो.
त्यात फडतरे नाहीत.

निघताना सवयीनं मी डोकी मोजू लागलो.
राहू द्या, त्या म्हणाल्या, आजचा ग्रुप माझा.
गाडीच्या दारात उभ्या राहून मोजलं,
सात झाले, आठ झाले,
मग पाठ फिरवून, पाण्याकडे बघत
बोटांची पेरं पुढं सरकत राहिली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
आणि टिल्लू, ज्यांनी इन्व्हर्नेसला
चार मिनिटांच्या उशिराची तक्रार लेखी दिली होती,
ते म्हणाले, थांब रे जरा.